सोनेरी मेणातला कंद

एकतीस वर्षं कवळ्या केल्यावर निरोपाला मला एक कांदा मिळाला.

कांदा हा शब्द आमच्या ह्यांचा. खरं तर तो अमॅरिलिसचा कंद होता, पण त्या संध्याकाळी ह्यांची चूक सुधारायच्या मनःस्थितीत मी नव्हते. मुठीएवढा कंद, वरपासून खालपर्यंत सोनेरी मेण चढवलेला. टेबलावर उभा राहावा म्हणून त्याच्या बुडात तारेचं वेटोळं खुपसलेलं. डोक्यावर हिरवट कोंब जेमतेम नखाएवढा बाहेर, आणि गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. तिच्यावर लाल फुलाचं चित्र आणि खाली चार ओळी. पाणी नको. माती नको. काळजी नको. फूल येऊन गेलं की टाकून द्या.

शेवटची ओळ मी घरी येताना बसमध्ये तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "छान वाटतंय, आजच मला टाकून दिलंय." ती पुढच्या स्टॉपला उतरली. तिचा स्टॉप तोच होता की नाही, देव जाणे.

आमची लॅब दातांची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यावरून कवळी करून देतो. मापात प्लास्टर ओतून जबड्याचा ठसा काढायचं काम मामांचं. त्यांना सगळे प्लास्टरमामाच म्हणतात. त्या ठशावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा आणि सुरीनं हिरडी कोरायची, हे काम माझं. म्हणून मी मेणताई. मग ते सगळं साच्यात बंद करून उकळत्या पाण्याच्या टाकीत सोडतात. मेण वितळून जातं आणि रिकाम्या जागेत गुलाबी प्लास्टिकचा पक्का मसाला भरतात. म्हणजे माझ्या हातचं काम रोज वितळूनच जायचं, पण त्याचा आकार माणसाच्या तोंडात वीस-वीस वर्षं हसायचा, जेवायचा, भांडायचा. त्याचा मला अभिमान होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही.

थोरले मालक गेले आणि धाकट्या मालकांनी मशीन आणलं. मशीन तोंडाचा फोटो घेतं आणि थरावर थर चढवत अख्खी कवळी छापून काढतं. धाकटे मालक म्हणजे लहानपणी शाळेतून परस्पर लॅबमध्ये येऊन माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर गृहपाठ करणारा मुलगा. रडायला लागला की मी उरल्यासुरल्या मेणाचा हत्ती करून द्यायचे. मालक झाल्यावर मी त्याला अहो-जाहो करायला लागले. तो मला मावशीच म्हणत राहिला, ते मला गोड वाटायचं. वेडेपणा सगळा.

माझी नोकरी संपायला अजून चार वर्षं होती. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, "मावशी, आता आराम करा." जणू मीच थकून आराम मागायला गेले होते. मग शुक्रवारी चार वाजता केक. भाषणात म्हणाला, "मावशी म्हणजे आपल्या लॅबचा पाया." पाया काढून घेतल्यावर इमारतीचं काय होतं, हे विचारायचं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं, पण तोंडात केक होता. टाळ्या झाल्या. त्यानं कंद माझ्या हातात ठेवला, फोन वाजला म्हणून तो केबिनमध्ये गेला आणि वीस मिनिटांत एकतीस वर्षं आटोपली.

घरी आल्यावर मी जे केलं ते मी पुढं बरेच दिवस कोणालाही सांगितलं नाही. मला ते मेण त्या कंदाच्या अंगावर बघवेना. एखाद्याला घुसमटवून वर सोनं फासायचं, ही कसली भेट? मी गॅसवर पातेलं ठेवलं, पाण्याला उकळी आणली आणि कंद सांडशीत धरून आत बुडवला. मेण काढायचं म्हणजे उकळत्या पाण्यात सोडायचं, हे माझ्या हातांना एकतीस वर्षं पाठ होतं. डोकं रागात होतं, त्यामुळे हातांना विचारणारं कोणी नव्हतं. आठ-नऊ सेकंद गेली असतील. पाण्यावर सोनेरी तवंग आला आणि स्वयंपाकघरात शिजल्याचा वास सुटला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की आतला जबडा प्लास्टरचा नाही. जिवंत आहे.

मी तो ओढून बाहेर काढला. एका बाजूनं पार मऊ, तपकिरी झाला होता. हे दारात उभे होते. लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस, शांत स्वभावाचा. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, वर जिरं-मोहरी घालणार आहेस का?"

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांना ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

शनिवारी मी कंद रुमालात गुंडाळून बसडेपोच्या मागच्या नर्सरीत नेला. तिथली नर्सरीवाली बाई जाडजूड हातांची, नखांत कायम माती. कोणाशी गोड बोलायचं नाही असं तिनं ठरवलेलं असावं. तिनं कंद तळहातावर घेतला, फिरवला, नाकाशी नेला.

"हा कोणी उकळला?"

"मी."

"का?"

माझ्या तोंडाकडे बघून तिनं तो प्रश्न सोडून दिला. मग पक्कड घेऊन तिनं बुडातली तार उपटून काढली आणि कंद उलटा करून मला दाखवला. जिथून मुळं फुटतात ते बूड, नाण्याएवढी कडक चकती, सुरीनं छाटलेलं होतं. एका कडेला चंद्रकोरीएवढी पट्टी तेवढी शिल्लक.

"मेण लावणारे मुळं कापतात," ती म्हणाली. "म्हणजे मग सरळ उभा राहतो आणि वाढत नाही."

"मुद्दाम? वाढू नये म्हणून?"

"हो. फूल येतंच की. फूल ह्याच्या पोटात आधीपासून तयार असतं. स्वतःचं पोट खातो, फुलतो आणि संपतो. मग लोक टाकतात."

मी तिथं कुंड्यांच्या मध्ये उभी राहून रुमाल पिळत होते. त्या बाईला वाटलं असेल, कांद्यासाठी एवढं? पण मला विचाराल तर नीचपणाचं ह्याहून स्वच्छ उदाहरण नाही. पोटातलं असेल तेवढं काढून घ्यायचं, मुळं आधीच कापून ठेवायची, वरून सोनेरी रंग द्यायचा आणि गळ्यात चिठ्ठी अडकवायची, काळजी नको.

"जगेल का?" मी विचारलं.

"बूड थोडं उरलंय. तेवढं पुरेल कदाचित." तिनं शिजलेली बाजू पांढरा, निरोगी थर लागेपर्यंत कापत नेली आणि जखमेवर कोळशाची पूड दाबली. मग माझ्या हातात चाकू दिला. "आता हा कोंब कापा."

"अहो, फुलाचा आहे ना तो?"

"म्हणूनच. ह्यानं आत्ता फूल काढलं तर मरेल. आधी पानं धरू दे, पोट भरू दे. फूल पुढच्या खेपेला. वर्ष तरी लागेल, जास्तच."

कोंब मीच कापला. आतली कळी फिकट, ओली आणि पूर्ण घडलेली होती. तिच्यातच चार बारक्या कळ्या एकमेकींना बिलगून. मी त्या फेकल्या नाहीत, रुमालात घरी आणल्या. का आणल्या ते विचारू नका.

त्याच दिवशी मी ठरवलं. हा कंद जगवायचा, फुलवायचा आणि फुललेली कुंडी उचलून त्याच्या केबिनमध्ये, त्याच्या चकचकीत टेबलावर नेऊन ठेवायची. टाकून द्या म्हणालात ना? बघा. माझी एवढीच इच्छा होती आणि बोलणं पुन्हा सुरू झाल्यावर मी ती ह्यांनाही सांगितली. हे म्हणाले, "आणि मग?" मी म्हटलं, "मग काही नाही. त्याचं तोंड बघायचंय मला."

कुंडी लहान घ्यायची, कंदापेक्षा दोन बोटं मोठी. माती भुसभुशीत, वाळू मिसळलेली. कंद अर्धा आत, मान आणि खांदे बाहेर. पूर्ण पुरला तर कुजतो. पाणी चमच्यानं, तेही कडेकडेनं. हे सगळं नर्सरीवालीनं सांगितलं आणि मी एका वहीच्या पाठीवर लिहून घेतलं. कुंडी खिडकीत ठेवली, जिथं सकाळचा उजेड येतो. मग सुरू झालं वाट बघणं, आणि वाट बघणं माझ्या स्वभावातच नाही.

दीड महिना काही म्हणजे काही झालं नाही. कंद तसाच बसलेला. एके दिवशी सकाळी बघते तर माती चिंब. हे चहा पीत होते, माझ्याकडे न बघता.

"तुम्ही पाणी घातलंत?"

"कोरडं दिसत होतं गं बिचारं. पेलाभर घातलं."

"पेलाभर? ह्याला मुळं नाहीत. पिणार कोण?"

"मला वाटलं, अडलेल्या गोष्टीला जरा ओलावा दिला की..."

"ती लिफ्ट नाहीये."

सगळी माती उपसून वर्तमानपत्रावर पसरली, कंद पुसला, पंख्याखाली वाळवला, पुन्हा लावला. हे निमूट वर्तमानपत्रं आणून देत होते. नंतर माझा राग शांत झाल्यावर त्यांनी कुंडीवर एक कागद चिकटवला. 'हात लावू नये. मालकीण तापट आहे.' तो कागद मी काढला नाही.

आणखी तीन आठवड्यांनी मी मातीचा अंदाज घ्यायला कंदाला दोन बोटांनी हलकेच ढकललं. तो हलला नाही. रोज हलायचा, आज हलला नाही. आतून कोणीतरी धरून ठेवलं होतं. मी तिथंच खिडकीशी बसले आणि रडले. निरोपाच्या दिवशी मी रडले नव्हते, ते रडणं बहुतेक बाकी होतं.

मामा महिन्यातून एखाद्या रविवारी येत. यायचे ते बातम्या घेऊन. माझं टेबल भंगारात गेलं. मेण तापवायचा माझा स्पिरिटचा दिवा काचेच्या कपाटात शोभेला ठेवलाय, खाली पाटी, 'आमची परंपरा'. हे ऐकून मी ताट बाजूला सारलं. मामा मात्र निवांत. "मला कोण काढतंय?" ते म्हणायचे. "मशीन काहीही छापू दे, प्लास्टर ओतायला माणूसच लागतो." मग उठून कुंडीशी जायचे, पानं मोजायचे. तोवर चार झाली होती, लांब, पट्ट्यासारखी. एकदा त्यांनी विचारलं, "मेण कसं काढलंस गं ह्याचं?"

"काढलं," मी म्हटलं.

मेणाच्या कामात माझ्याहून कमी कळणाऱ्या माणसाला मी कशी सांगणार होते, की मी कंद पातेल्यात उकळला? माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही. मी विषय बदलला आणि मामा त्यांच्या संधिवाताबद्दल बोलायला लागले.

सात महिने पानं वाढली. दर आठवड्याला कुंडी चतकोर फिरवायची, नाहीतर पानं एकीकडे झुकतात. पंधरा दिवसांतून एकदा खत, अगदी पातळ. कंद हळूहळू भरत गेला. कापलेली बाजू सपाटच राहिली, पण दुसरी चांगली गुबगुबीत झाली. मग नर्सरीवाली म्हणाली, "आता पाणी बंद करा."

"कायमचं?"

"पानं पिवळी होऊन झडेपर्यंत. मग दहा आठवडे अंधारात, थंड जागी, कोरडा. त्याशिवाय फूल धरत नाही."

जगवलेल्या जिवाचं पाणी तोडणं मला जमेना. रोज हात तांब्याकडे जायचा. पानं एकेक करून लोळली. शेवटचं झडल्यावर मी कुंडी कपाटाच्या तळाला, बुटांच्या खोक्यांमागं ठेवली आणि दार लावून घेतलं. त्याच सुमारास धाकट्या नणंदेचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "वहिनी, किती छान ना. तो विश्रांती घेतोय, तशीच तुम्हीही घ्या. मग तुम्हीही फुलाल."

मी फोन ठेवला. मी काय कंद आहे? कंदाला कोणी भाषण ठोकून कपाटात बसवत नाही. मला कामावरून काढलं होतं, आणि त्याला फुलाचं नाव दिल्यानं ते शोभिवंत होत नाही. ह्या बाबतीत माझं डोकं तेव्हाही ठिकाणावर होतं.

दहा आठवडे झाल्यावर कुंडी बाहेर काढली, खिडकीत ठेवली आणि एक कप कोमट पाणी दिलं. बाराव्या दिवशी टोक दिसलं. आता प्रश्न असा, की ते पानाचं की फुलाचं? नर्सरीवालीनं सांगून ठेवलं होतं, टोक चपटं आणि गोलसर असेल तर पान, फुगीर असेल, दोन तळवे जोडल्यासारखं, तर दांडा. मी भिंग लावून पाहिलं. मिलिमीटरच्या फरकावर एकतीस वर्षं काढलेली बाई मी, पण त्या दिवशी माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मी ह्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, वाकले, बराच वेळ बघितलं.

"दांडा आहे," ते म्हणाले. आणि मग, एवढं सोसलेला तो माणूस, "मालकीणबाई, अभिनंदन."

दांडा रोज बोटभर वाढायचा. उकळलेल्या बाजूकडे जरासा कललेलाच वाढला. मी काठी लावून त्याला आधार दिला. वर एकच मोठी कळी, तिच्या आत चार. त्यांतली एक सुकून गेली, तीन राहिल्या.

त्या उमलायच्या आधी दोन दिवस फोन आला. एक वर्ष आणि दोन महिन्यांनी पहिला फोन.

"मावशी, कशा आहात?" धाकटे मालक. "एक छोटंसं काम होतं. मशीनची कवळी काही लोकांना टोचतेय. म्हाताऱ्या माणसांना, ज्यांची हिरडी अगदी सपाट झालीये. सैल बसते, बोलताना वाजते. डॉक्टर परत पाठवतात. तुम्ही आठवड्यातून तीन सकाळी येऊन नुसतं जरा घासून, नीट करून दिलंत तर..."

नुसतं जरा घासून. माझे दात एकमेकांवर आवळले गेले. पण मी म्हटलं, "परवा येते." हे शेजारीच होते. म्हणाले, "जाणार?" मी कुंडीकडे बोट दाखवलं.

ठरल्या दिवशी सकाळी तिन्ही फुलं पूर्ण उघडली होती. चिठ्ठीवरच्या चित्रातलं फूल लाल होतं. ही निघाली गुलाबी, नेमक्या त्या गुलाबी रंगाची ज्यात मी आयुष्यभर हिरड्या केल्या, आत किंचित गडद, कडेला फिकट. मी आणि हे दोघंही हसलो. मग मी चांगली साडी नेसले, पर्समध्ये माझी जुनी मेणाची सुरी टाकली आणि कुंडी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. सुरी का घेतली? तीन सकाळींचं ऐकून हातानं घेतली असेल. बसमधले लोक फुलाकडे बघून जरा सरकत होते, जागा देत होते. मी मनातल्या मनात भाषण घोकत होते. मुळं कापलीत तरी बघा. टाकून द्या म्हणालात तरी बघा. त्याची सात रूपं झाली होती, सगळी धारदार.

केबिनमध्ये तो फोनवर होता. मला बघून एक बोट वर केलं, थांबा. मी त्याच्या टेबलावर, बरोबर त्याच्या समोर, कुंडी ठेवली. त्याचं बोलणं संपलं.

"अरे वा, मावशी. काय सुंदर आहे." त्यानं पाकळीला हात लावला. "खरं आहे की नकली?"

"खरं आहे."

"कुठून घेतलंत? दारात काउंटरवर ठेवायला असे दोन हवेत मला."

"तू दिलास," मी म्हटलं. कित्येक वर्षांत मी त्याला तू म्हटलं नव्हतं.

"मी?"

"निरोपाला. सोनेरी मेण लावलेला."

तो आठवायला लागला. मनापासून आठवत होता, मला दिसत होतं. माझं ते सगळं वाट बघणं, ते सगळं दात-ओठ खाणं ह्या चेहऱ्यासाठी होतं, आणि ह्या चेहऱ्यावर लाज नव्हती, ओशाळणं नव्हतं, काहीच नव्हतं. मग तो उजळला.

"हां, ते होय. ते मशीनवाली कंपनी पाठवते हो. दर वर्षी खोकंभर येतात. यंदा चंदेरी आलेत."

म्हणजे ती भेट त्याचीही नव्हती. मला घरी बसवणाऱ्या मशीनबरोबर फुकट आलेली होती. वर्षभर ज्याच्यावर मी धुमसत होते त्याला आपण कोणाला दुखावलंय ह्याचा पत्ताच नव्हता, आणि माझी सातही भाषणं आतल्या आत विरून गेली. इतका अपमान मला केकच्या दिवशीही वाटला नव्हता.

"तर मग, सोमवारपासून?" तो म्हणाला.

"यंदाचे चंदेरी कोणाला दिलेस?"

"एक मामांना दिला मघाशी. आज शेवटचा दिवस ना त्यांचा. मशीनला आता प्लास्टर लागतच नाही. चार वाजता केक आहे, तुम्ही थांबा ना, त्यांना बरं वाटेल."

मी उठले. तो मागून काहीतरी म्हणत होता. माझ्या डोक्यात एकच आलं होतं. मामांनी मला विचारलं होतं, मेण कसं काढलंस, आणि मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मागच्या खोलीत जुन्या कवळ्यांच्या दुरुस्तीसाठी उकळत्या पाण्याची टाकी अजून चालू होती. वाफ येत होती. मामा पाठमोरे उभे होते, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत वाळलेलं प्लास्टर. त्यांनी झाकण बाजूला केलं होतं आणि चिमट्यात चंदेरी कंद धरून टाकीवर नेला होता.

"मामा, पाण्यात घालू नका!"

ते दचकले. चिमटा हवेतच राहिला. "अगं, तू? मेण काढतोय. तुझ्यासारखा लावून बघावा म्हटलं."

"शिजेल तो."

"मग तुझा कसा नाही शिजला?"

"शिजला होता," मी म्हटलं. "मी पातेल्यात उकळला होता. अर्धा गेला. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

मामांनी चिमटा खाली घेतला आणि कंद माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे लाल होते. ते वाफेनं नव्हते झाले.

"एकोणचाळीस वर्षं, ताई," ते म्हणाले. "आणि ह्या चिठ्ठीवर लिहिलंय ते वाचलंस का?"

"वाचलंय. तोंडपाठ आहे."

कवळीच्या मसाल्याच्या बाटल्या ठेवायचा छोटा फ्रीज कोपऱ्यात होता, जुना, घरघरणारा. मी बाटल्या सरकवून कंद बर्फाच्या खणाखाली ठेवला. "गार झालं की मेण तडकतं," मी म्हटलं. "हे मला त्या दिवशीही माहीत होतं. रागात सुचलं नाही." आम्ही दोघं स्टुलांवर बसलो आणि वाट बघितली. मामांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, पातेल्यापासून कपाटापर्यंत. जिरं-मोहरीचं ऐकून ते हसले, आणि हसताहसता त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

दारात धाकटे मालक आले. दोन्ही हातांत माझी कुंडी.

"मावशी, ही तुम्ही आत विसरलात. की इथंच राहू द्यायची? डॉक्टर लोक येतात, त्यांना आवडेल."

"नाही. ती घरी जाणार."

"बरं. आणि सोमवारचं?"

"आधी हे होऊ दे," मी म्हटलं. तो कुंडी धरून तसाच उभा राहिला. कुठं ठेवायची ते त्याला कळेना, आणि मीही सांगितलं नाही.

मी कंद फ्रीजमधून काढला, पर्समधली सुरी काढली आणि मानेपाशी मेणाला पातं लावून एक हलका टोला दिला. मेण कट्कन तडकलं. एकेक कपची निघत गेली, अंड्याचं टरफल निघावं तशी, आणि आतला कंद तपकिरी, कोरडा, अख्खा बाहेर आला. मामांनी पकडीनं तार ओढली. मी कंद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. मामा खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता.

"बूड आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. छाटलंय, पण थोडं ठेवलंय."

"एवढ्यानं होईल?"

"माझ्या कंदाला ह्याच्याहून कमी होतं," मी म्हटलं.